तीनदा उघडलेलं दार

तो मोठा दिवा घालवा रे, डोळ्यांवर येतो. छोटा असू द्या. आणि मध्येच फिदीफिदी हसायचं नाही. ही कुणाच्या मावशीच्या दिराने ऐकलेली गोष्ट नव्हे. जिच्यावर बेतली ती पोर मला काका म्हणते, आणि ज्या दारापाशी हे घडलं ते दार मी या हातांनी केलंय.

नकाशेवाली म्हणायचे तिला सगळे, कारण घरं आखायचं तिचं काम, आणि काखेत कायम नकाशांची गुंडाळी. त्या दिवशी ती निघाली ती साध्या कामाला. तारीख अठ्ठावीस नोव्हेंबर, वार गुरुवार. डोंगर चढणाऱ्यांसाठी वरच्या खिंडीत तिने निवारा उभा केला होता. त्यात एक रात्र एकटीने काढायची आणि सकाळी आतला पारा किती राहिला ते परवानगी देणाऱ्या कचेरीतल्या साहेबांना दाखवायचं, एवढंच.

निवारा म्हणजे आठ माणसांची लाकडी खोली. भिंतींत मेंढ्यांची लोकर ठासलेली, खिडकीला दुहेरी काच, एकूण एक सामान पाठीवरून वर नेलेलं. सिमेंटचा कण नाही. उद्या स्क्रू काढून खोली खाली आणली, तर डोंगराला पत्ताही लागायचा नाही. आणि शेगडी नाही. शेगडी ठेवली की लोक जळणासाठी झुडपं तोडतात, आणि तिथलं एकेक झुडूप वाढायला माणसाचं आयुष्य जातं. "माणसाच्या अंगाची ऊब पुरते, काका," ती म्हणायची. "ती बाहेर सांडू द्यायची नाही, एवढंच आपलं काम."

साहेबांना हे काही पटेना. शेगडी नाही, चौकीदार नाही, मग कुलूप हवंच, हा त्यांचा हेका. पूर्वी तिथे सिमेंटची खोली होती, तिलाही त्यांच्याच कचेरीने कुलूप ठोकलं होतं. गैरवापर नको म्हणून! नऊ वर्षांपूर्वी एक माणूस वादळातून जीव मुठीत धरून त्या दारापर्यंत पोचला. किल्ली खाली कचेरीत, खिळ्याला टांगलेली. सापडला तेव्हा तो दाराला टेकून बसलेला होता. त्याची ओळख शेवटपर्यंत पटली नाही.

आता दाराचं ऐका. जुनी खोली पाडली तेव्हा दाराचं लाकूड ठणठणीत निघालं. मी मात्र नाक मुरडलं, कारण बाहेरच्या अंगाला, गुडघ्याएवढ्या उंचीवर, नखांचे ओरखडे होते. नकाशेवालीला बोलावून दाखवले. ती कितीतरी वेळ त्यांच्यावरून बोट फिरवत राहिली. मग म्हणाली, "काका, हेच दार बसवायचं." कडी-कोयंडा तिने स्वतः पक्कड घेऊन उपटला. ओरखडे मी रंधा मारून काढले. आतून फक्त एक लाकडी खिट्टी बसवली, वाऱ्याने दार आपटू नये म्हणून.

साहेबांची अट अशी: सकाळी सहाला आतला पारा चार अंशांच्या वर असेल, तर निवारा कायमचा उघडा. नाही तर कुलूप. रात्रभर कागदावर पाऱ्याची रेघ ओढणारं यंत्र त्यांनी स्वतः सील केलं, आणि माझ्याबरोबर तासाभराच्या वाटेवर खाली असलेल्या तळावर मुक्काम ठोकला. रात्रभर कुरकुरत होते. जेवण गार म्हणून, मी घोरतो म्हणून.

बर्फ बारापर्यंत पडलं. मग थांबलं. वाराही पडला. ती झोपण्याच्या पिशवीत बसून यंत्राकडे बघत होती. साडेपाचवर पारा. दार सकाळपर्यंत मिटलेलं राहिलं तर पाचाखाली जात नाही, हा हिशेब तिने शंभरदा केला होता. एकदा जरी उघडलं तरी मात्र सगळंच ओंफस.

दोन वाजून दहा मिनिटं.

टक्... टक्...

तिला वाटलं, लाकूड थंडीने आखडतंय.

टक्. टक्. टक्.

दारावरच. पण वर नाही. खाली... गुडघ्याएवढ्या उंचीवर. बसलेल्या माणसाचा हात पोचेल तिथे.

घाबरली. घाबरणारच! पण वाट चुकलेला कुणी खराखुरा माणूस असला तर? तिने उठून खिट्टी काढली.

बाहेर कुणी नाही. ताजं, पांढरं बर्फ. त्यावर एकही पाऊल नाही.

दार लावलं. पारा चारावर.

ती पिशवीत शिरते न शिरते...

टक्. टक्.

"कोण आहे?"

...

"कोण आहे म्हणते मी!"

टक्.

उघडलं. कुणी नाही. पारा तीनवर. आता मात्र तिला रडूच कोसळलं. दोन वर्षांची मेहनत, पाठीवरून वाहिलेली एकेक फळी. उद्या साहेब खिशातून कुलूप काढणार, आणि पुढच्या वादळात पुन्हा कुणीतरी या दाराला टेकून बसणार.

टक्... टक्...

हळू. दमल्यासारखं.

तुम्ही काय केलं असतं? डोक्यावरून पांघरूण घेतलं असतं. मीही घेतलं असतं. ती उठली. आता तिला राग आला होता. तिने दार ताडकन सताड उघडलं, आणि त्या रिकाम्या काळोखाला खडसावलं:

"हे बघा, तुम्ही कुणीही असा. जिवंत असा, नाहीतर नसा. न उघडणारं दार बांधायला मी इथवर आले नाही. आत यायचं तर या! कुलूप नाही आता. पण असं टकटक करून उंबऱ्यावर बसू नका, माझी ऊब सांडते."

...

काही नाही.

ती उभीच राहिली. दात वाजत होते. मनात दहा आकडे मोजले. मग दार लावलं, खिट्टी घातली.

पारा दोनवर.

समोरची झोपायची फळी करकरली... एकदाच. कुणी दमून टेकावं तशी.

तिने बॅटरी लावली नाही. "झोपा आता," एवढंच म्हणाली, आणि भिंतीकडे तोंड करून आडवी झाली. पुन्हा टकटक झाली नाही. आणि सांगतो काय, त्या रात्री तिला जी गाढ झोप लागली, तशी घरीही कधी लागली नव्हती!

साडेसहाला आम्ही धापा टाकत वर पोचलो. दाराशी बर्फ जसंच्या तसं, ठसा एकही नाही. साहेबांनी सील तपासलं. धड होतं. मग कागद बाहेर काढला आणि चष्मा पुसून बघत राहिले. सहाला पारा साडेचारवर. पण साहेब त्याच्या आधीची रेघ बघत होते. अडीचनंतर ती चढत गेली होती, थेट साडेसहा अंशांपर्यंत.

"ही एका माणसाची ऊब नाही," साहेब म्हणाले. "दोघांची आहे. दुसरं कोण होतं आत?"

"ज्याला तुम्ही बाहेर ठेवलं होतं, तो," ती म्हणाली.

साहेबांच्या तोंडचं पाणी पळालं. कुलूप खिशात होतं, वरून आकार दिसत होता. हात तिकडे गेला आणि तसाच परत आला. तिथेच, फळीवर कागद ठेवून त्यांनी सही केली. त्या निवाऱ्याला आजतागायत कुलूप नाही.

यंत्रातला तो कागद माझ्याकडे आहे, भिंतीवरच्या त्या रंध्याच्या मागे लावलेला. जा, बघा. घाबरता कशाला? रेघेत खड्डे दिसतात ना, दार उघडल्यावर पारा पडला त्याचे? पहिला दोन दहाला. मग दुसरा. मग तिसरा, सगळ्यात खोल. मग रेघ चढत जाते, आणि तासन्‌तास सरळ.

आता पुढे बघा. पाच चाळीस. ती गाढ झोपेत होती, आणि आम्ही पोचलो तेव्हा खिट्टी आतून लावलेली होती.

तिथे चौथा खड्डा आहे.