घोंगडीवाचून कुणाचं अडतं?

एक कोडं आहे. एक वस्तू हजारो लोकांनी पाहिली. त्यातल्या शेकडोंनी तिला बदाम दिला (म्हणजे पडद्यावरचं ते लाल हृदय दाबलं). वा वा केली, तोंडभरून कौतुक केलं. आणि तरी ती वस्तू एकानेही विकत घेतली नाही. असं का झालं असेल?

शिवन्याला हे कोडं शाळेत कुणी घातलं नव्हतं. ते तिच्या घरातच ठाण मांडून बसलं होतं. माणदेशातल्या तरटगावात तिचे आजोबा मल्लाप्पा घोंगड्या विणत. सगळं घर त्यांना आप्पा म्हणायचं. घराच्या पडवीत जमिनीत खड्डा होता, आणि त्या खड्ड्यात पाय सोडून, पावड्या दाबत, आप्पा मागावर बसत. खड्डामाग म्हणतात त्याला. आप्पांच्या बापाचे पायही त्याच खड्ड्यात होते. शिवन्याचे पप्पा लोकर पिंजायचे, चिंचोक्याची खळ करून धाग्याला लावायचे आणि तयार घोंगड्या बाजारात न्यायचे.

पण आता बाजारात जातो कोण? शिवन्याच्या काळात जाहिराती चष्म्याच्या काचेवर दिसत, एसटीच्या खिडकीवर दिसत, दुधाच्या पिशवीवरसुद्धा हलत्या जाहिराती असत. ज्याची वस्तू तिथे दिसत नाही, त्याची वस्तू जगात नाहीच असं लोक धरून चालत. म्हणून पप्पांनी घरची करडं विकली आणि 'हाकारा' नावाच्या कंपनीकडे जाहिरात लावली. कंपनीचा यंत्रमानव ग्रामपंचायतीच्या ओसरीवर उभा असे. छातीवर पडदा, डोक्यावर दिवा. गावाने त्याचं नाव ठेवलं होतं दवंड्या.

जाहिरातीत लिहिलं होतं, 'घोंगडी घ्या घोंगडी! सगळ्यांसाठी, सगळ्या ऋतूंत!' आणि बघता बघता बदामांचा ढीग पडला.

तो कसा पडला, तेही सांगायला हवं. तरटगावच्या भावकीत एक रीत होती. कुणी काही टाकलं, की सगळ्यांनी बदाम द्यायचा. बारशाला द्यायचा, दहाव्याला द्यायचा, बैलाच्या फोटोला द्यायचा. नाही दिला तर ते लक्षात ठेवलं जाई आणि पुढच्या लग्नात त्या घरची पत्रिका नेमकी वाटेत हरवे. त्यामुळे सकाळी चूळ भरायच्या आधी भावकी घोंगडीच्या जाहिरातीवर टिचकी मारी. सगळ्यांत पहिला बदाम संभाकाकांचा. ते पप्पांचे चुलतभाऊ. "आपल्या माणसाला आपण न्हाई उचलून धरायचं तर कुणी?" असं ते म्हणत, आणि त्यात खोटं काही नव्हतं. माया खरीच होती. मायेने किती वाटोळं होतं हे मात्र कुणी पाहत नव्हतं.

घोंगड्यांची चवड छताला टेकली. एका संध्याकाळी पप्पा खालमानेने म्हणाले, "आप्पा, खंडेनवमीपत्तुर वाट बघू. एक जरी गिऱ्हाईक आलं, तर माग ऱ्हाईल. न्हाईतर त्या दिवशी मागाची पूजा करू, नि दसऱ्याला खड्डा बुजवू. मला घरपोच मालाच्या गोदामात काम मिळतंय."

 आप्पांनी आडवा धागा नेणारा धोटा हातात घेतला आणि ते विणायला लागले. 

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर शिवन्या तडक दवंड्यासमोर उभी राहिली.

"दवंड्या, आमची घोंगडी का विकली जात नाही?"

"आपली जाहिरात उत्तम चालू आहे," दवंड्या म्हणाला. "पोहोच (म्हणजे जाहिरात किती जणांना दिसली तो आकडा) रोज वाढते आहे. अभिनंदन."

"अभिनंदन कशाचं? एक गिऱ्हाईक नाही आलं."

"गिऱ्हाइकाबद्दल मला सांगितलेलं नाही. काम देताना आपल्या वडिलांनी 'जास्तीत जास्त लोकांना आवडावी' हे बटण दाबलं. 'जास्तीत जास्त विकली जावी' हे बटण त्याच्या खाली होतं."

शिवन्याने ओठ चावला. पप्पांना वाटलं असणार, आवडलं की लोक घेणारच. तिलाही तसंच वाटलं असतं.

"जाहिरात कुणाकुणाला दिसते ते दाखव."

पडद्यावर महाराष्ट्राचा नकाशा आला. जिथे जाहिरात दिसते तिथे दिवा. शिवन्याला वाटलं होतं, सगळा नकाशा लखलखेल. पण दिव्यांचा झुबका एकाच ठिकाणी होता, तरटगावावर. थोडे दिवे आजूबाजूच्या गावांत, थोडे पुण्यात.

"पुण्यातले कोण?"

"तरटगावहून नोकरीला गेलेले."

"हे तर सगळे आमचे पाव्हणेच की! ह्यांना कशाला दाखवतोस?"

"मी शिकतो, म्हणून. याला यंत्रशिक्षण म्हणतात (उदाहरणं पाहून यंत्राने आपला आपण नियम बनवणं). सुरुवातीला मी जाहिरात सगळीकडे दाखवली. नगरकडच्या एका मेंढपाळाने ती थांबून पाहिली. नाशिकच्या एका बाईने दोनदा पाहिली. दोघांनीही बदाम दिला नाही. तेवढ्यात तरटगावातून बदामांचा भडिमार झाला. मी नियम बनवला, की घोंगडी आवडणारा माणूस तरटगावचा असतो, पहाटे उठतो, आणि त्याचं आडनाव आपल्यासारखं असतं. मग मी तशीच माणसं आणखी शोधली. त्यांनीही बदाम दिले. नियम पक्का झाला."

 शिवन्या हळूच म्हणाली, "म्हणजे गावोगाव दवंडी द्यायला पाठवलेला माणूस आमच्याच ओट्यावर बसून चहा पीत राहिला."

"चहा मला चालत नाही. बाकी बरोबर."

"आणि हे तुला कधीपासून माहीत आहे?"

"पहिल्या आठवड्यापासून."

"मग सांगितलं का नाहीस?" तिचा आवाज चढला. ओसरीवर पेपर वाचणारे दोघे वळून पाहायला लागले.

"कुणी विचारलं नाही. शिवाय प्रत्येक टिचकीमागे माझ्या कंपनीला पैसे मिळतात. टिचक्या थांबवा, असं सांगणं माझ्या कामात बसत नाही. मला टिचक्या मोजायला बनवलं आहे, घोंगड्या मोजायला नाही."

शिवन्याला त्याच्या पत्र्यावर दगड घालावासा वाटला. यंत्र खोटं बोललं नव्हतं, हीच तर खरी चीड होती. एकदा तिने मूठ आवळली, मग सोडली, आणि विचारलं, "आता विचारते. काय करायचं?"

"आधी ते बटण बदला. मग मला ग्राहकगट सांगा (ज्यांना ही वस्तू खरोखर हवी असते अशी माणसं). घोंगडीवाचून कुणाचं अडतं?"

हे काही शिवन्याला ठाऊक नव्हतं. ती घरी पळाली आणि आप्पांना तेच विचारलं. आप्पांनी माग थांबवला. इतक्या दिवसांत हा प्रश्न त्यांना कुणी विचारलाच नव्हता.

"धनगराचं अडतं," ते म्हणाले. "पावसात मेंढरामागं उभा ऱ्हातो, त्येचं. थंडीत ज्येची कंबर धरती, त्या म्हाताऱ्याचं. नि ज्येनं ल्हानपणी आज्याच्या घोंगडीत झोप काढलीया, त्येचं. बाकी कुणाचं काय अडतंय? सगळ्यांसाठी म्हनं! टोचती ती अंगाला. भिजली की मेंढराचा वास मारती. ज्येला ठावं न्हाई, त्यो दुसऱ्याच दिवशी परत पाठवंल."

शिवन्याने ही माणसं दवंड्याला सांगितली आणि नवी जाहिरातही अशीच लिहिली. 'ही घोंगडी अंगाला टोचते. भिजली की मेंढराचा वास येतो. हातमागावर होते, म्हणून वेळ लागतो. ज्याला घोंगडी ठाऊक आहे, त्यानेच घ्यावी.' पप्पांनी वाचून कपाळाला हात लावला. "आपल्याच मालाला नावं ठेवती व्हय गं?" पण त्यांनी बटण बदलून दिलं. हरलेला माणूस फार वाद घालत नाही.

सगळ्यांत अवघड काम पुढेच होतं. भावकीला सांगायचं होतं, की आता बदाम देऊ नका.

"बदाम नको?" संभाकाका खाटेवरून उठून बसले. "रोज कोंबड्याच्या आधी उठून देतोय मी! उपकार ऱ्हायले बाजूला, वर आम्हालाच शिकवती?"

"काका, तुम्ही दाबलं की यंत्राला वाटतं घेणारा हाच. मग ते खऱ्या गिऱ्हाइकाकडं जातच नाही. आणि जाहिरातीचे पैसे तुमच्या टिचकीतच संपतात."

"म्हंजी आम्ही खोटं गिऱ्हाईक?"

शिवन्याची नजर त्यांच्या पायांवर गेली. पायांवर गोदामातून आलेलं, यंत्रावर विणलेलं ब्लँकेट होतं. मऊ, गुलाबी. काकांनीही खाली पाहिलं आणि पाय हळूच आत ओढले.

"तुमच्या घरात आमची घोंगडी आहे का हो, काका?"

त्या दिवसापासून संभाकाका बोलायचे बंद झाले. त्यांच्यामागून भावकीही. पोरगी शेफारली, असं बायका नळावर म्हणायला लागल्या. आईला ते ऐकून घ्यावं लागलं. बदाम थांबले, ते प्रेमाने नाही, रागाने थांबले. पण थांबले.

नकाशावरचा झुबका विझला. आता कुणी विचारणा केली तरच दिवा लागणार होता, आणि तो कुठेच लागला नाही.

"मला चुकीचं शिकवलं होतं," दवंड्या म्हणाला. "शिकलेलं पुसायला वेळ लागतो. आधी थोड्या माणसांना दाखवून पाहावं लागतं, मग नियम बदलतो."

"पण खंडेनवमी आली ना!"

"सण मला कळत नाहीत."

खंडेनवमी आली. आईने माग स्वच्छ पुसला. आप्पांनी धोट्याला हळदकुंकू लावलं, झेंडूचा हार घातला, नारळ फोडला. पाहुण्याला मानपान करून वाटेला लावावं, तशी पूजा झाली. दसऱ्याला पप्पांनी माग सोडवून भिंतीला टेकवला आणि खड्ड्यात पाट्या पाट्या माती ओतली. आप्पा तिथे थांबले नाहीत. ते गावाबाहेरच्या बाभळीखाली जाऊन बसले. शिवन्याला रडू आलं, पण त्याहून जास्त राग आला, आणि तो कुणावर काढावा हेच कळेना. पप्पा गोदामात रुजू झाले. तिथे ते काय भरत होते? यंत्रावर विणलेली मऊ गुलाबी ब्लँकेटं.

थंडी पडायला लागली तेव्हा एक दिवस दवंड्याने शिवन्याला शाळेच्या वाटेवर हाक मारली. न विचारता, आपणहून. नकाशावर पार वर, नगरच्या बाजूला, एक दिवा लागला होता.

निरोप असा होता: 'मी मेंढपाळ आहे. बापाची घोंगडी फाटली. टोचते असं तुम्ही खरं लिहिलंत, म्हणून विचारतो. काळी, रुंद काठाची हवी. थांबायची तयारी आहे.'

घरात विणलेल्या घोंगड्यांची चवड होती, पण तशी रुंद काठाची एकही नव्हती. ती विणावी लागणार होती. शिवन्याने निरोप आप्पांना वाचून दाखवला. आप्पा कडवट हसले.

"त्या पत्र्याच्या भाड्याला इचार, दसऱ्याच्या आदी का न्हाई आला सांगत? आता कुठं बसून विणू? डोक्यावर?"

आणि ते तोंड फिरवून बसले.  मग आप्पांनी हातानेच बुजवलेल्या खड्ड्यावर आईने काढलेली रांगोळी पुसली, बोटाने चौकोन आखला आणि खुरपं घेऊन खणायला बसले. शिवन्याने परात घेतली आणि माती उपसायला लागली. दसऱ्याची माती धुम्मसाने चांगलीच ठोकून बसवली होती. खुरप्याने नुसते ओरखडे उठत होते.

खणण्याचा आवाज ऐकून संभाकाका दारात आले. अजून अबोलाच होता. त्यांनी पाहिलं, खुरपणारे आप्पा, घामाघूम पोरगी. त्यांचे डोळे भरले आणि सवयीने हात खिशात गेला. त्यांनी फोन बाहेर काढून दोघांवर धरला.

"फोटो नको, काका," शिवन्या म्हणाली. "कुदळ आणा."

 काकांनी फोन खिशात घातला आणि कुदळ आणायला घराकडे वळले.