पिवळ्या चिंध्यांची जलपर्णी

“जुने कपडे घाला, हातमोजे घ्या आणि तळ्यावर गेल्यावर तोंड बंद ठेवा,” फौजदार म्हणाली. “शेवटची सूचना फक्त रेडिओसाठी आहे.”

“मी अजून काही बोललेसुद्धा नाही,” रेडिओ म्हणाली. “उठल्यापासून आईशी बोलले, दूधवाल्याशी बोलले आणि जिन्यातल्या मांजराशी दोन शब्द. याला काय बोलणं म्हणतात?”

“ते मांजर पळून गेलं,” लंबूने माहिती पुरवली.

फौजदार तेरा वर्षांची होती. एकदा प्रश्न विचारला, की उत्तर मिळेपर्यंत समोरून हलायची नाही, म्हणून घरादाराने तिला हे नाव दिलं होतं. रेडिओ खालच्या मजल्यावर राहायची, वय दहा. तिची आई शाळांचे गणवेश शिवायची. आणि लंबू हा फौजदारचा चुलतभाऊ. सुट्टीला आला होता आणि आल्यापासून त्याची एकही पँट घोट्यापर्यंत पोहोचत नव्हती.

तिघं निघाली होती तळ्यावर. त्याला तळं म्हणायचं ते केवळ सवयीने. चार गल्ल्यांच्या मधोमध एक हिरवीगार सतरंजी पसरली होती, जाड, फुगीर, कुबट वासाची. ती सगळी जलपर्णी. खाली पाणी होतं यावर विश्वास ठेवावा लागे. फौजदारच्या आजोबांनी याच पाण्यात तीस वर्षं पोरांना पोहायला शिकवलं होतं. महिन्याभरापूर्वी तेच घरोघरी गेले, दारं वाजवली आणि म्हणाले, “रविवारी दोन तास द्या. आपलं तळं आपणच साफ करू.”

पहिल्या रविवारी साठ माणसं आली. मग रीतसर समिती झाली. समिती झाली, की अध्यक्ष लागतो, आणि अध्यक्ष व्हायला एक ना एक माणूस कायम तयार बसलेला असतो. हे गृहस्थ असेच तयार होते. त्यांनी पांढरी टोपी आणली, शिट्टी आणली, कर्णा आणला. फक्त बूट ओले करायची तयारी त्यांनी आणली नव्हती. साठ माणसं कमरेइतक्या पाण्यात उभी राहून जलपर्णी ओढायची आणि अध्यक्ष काठावरून कर्ण्यातून सांगायचे, “ओढा, ओढा!” जणू ते सांगायचे राहिले असते, तर लोकांनी ती कुरवाळली असती.

आजचा रविवार पाचवा होता. माणसं उरली होती बावीस.

“परत तेवढीच वाढली हो,” एक काकू काठावर उभ्या राहून म्हणाल्या. “मागच्या रविवारी हा पूर्वेकडचा कोपरा अगदी स्वच्छ केला होता आपण.”

“वाढते ती,” आजोबा म्हणाले. “आपणच कमी पडतोय.” आणि ते पाण्यात उतरले. वय एकाहत्तर.

पोरं काठावर उभी राहून आलेली जलपर्णी ढिगाकडे ओढत होती. लंबू एकाएकी थांबला. मुळांच्या गुंत्यात निळ्या बादलीची तुटकी कडी अडकली होती आणि कडीला लाल वायर गुंडाळलेली होती.

“ही कडी मी मागच्या रविवारी बाहेर काढली होती,” तो म्हणाला.

“तशाच दुसऱ्या बादलीची असेल,” रेडिओ म्हणाली.

“तशीच लाल वायर? तशीच तीन वेढे दिलेली?”

फौजदारने कडी हातात घेतली, उलटीपालटी केली. ती काही म्हणणार, एवढ्यात पाण्यातून आजोबांचा आवाज आला. ओरडणं नव्हतं, नुसता श्वास आत ओढल्याचा आवाज. पाण्यातल्या दोघांनी त्यांना धरून वर आणलं. तळव्यात काचेचा तुकडा घुसला होता आणि पायावरून चिखल व रक्त एकत्र ओघळत होतं.

अध्यक्षांनी कर्णा तोंडाला लावला. “कृपया सर्वांनी पायाखाली बघून काम करावं,” ते म्हणाले. मग त्यांनी जलपर्णीच्या ढिगाशेजारी उभं राहून फोटो काढून घेतला.

दवाखान्यात आजोबांना पाच टाके पडले. घरी आल्यावर ते पलंगावर पाय लांब करून पडले आणि छताकडे बघत म्हणाले, “पुढच्या रविवारी पंधराच येतील. त्याच्या पुढच्या रविवारी मी एकटा. आणि मलाही आता उतरू देणार नाही तुम्ही.”

फौजदार उठली. तिने लंबूला आणि रेडिओला जिन्यात बोलावलं.

“तुझ्या आईकडे कापडाच्या कडा उरतात ना? कापून टाकलेल्या?”

“पोतंभर आहेत. पिवळ्या. त्या खेळाच्या गणवेशाच्या. आई म्हणते, असला रंग शोधणाऱ्याला...”

“चाळीस हव्यात.”

दुपारी सगळे जेवून झोपले होते तेव्हा तिघं तळ्याकाठी गेली. ढीग तिथेच होता, माणसापेक्षा उंच, उन्हात आंबत पडलेला. त्यांनी नाकाला रुमाल बांधले आणि जलपर्णीच्या फुगीर देठांना पिवळ्या चिंध्या बांधल्या, पानांच्या आत, सहज दिसणार नाहीत अशा. चाळीस चिंध्या, चाळीस गाठी. लंबूला दोनदा उलटी येता येता राहिली. रेडिओ मात्र पूर्ण वेळ गप्प होती, कारण तोंड उघडलं की माश्या आत जात होत्या.

सोमवारी सकाळी सहा वाजता तिघं होड्यांच्या जुन्या शेडमागे जाऊन बसली. साडेसहाला तळ्याचा रखवालदार आला. त्याच्याबरोबर दोन मजूर होते, खांद्यावर लांब दांड्याची दाताळी. ते ढिगापाशी गेले आणि त्यांनी अगदी सावकाश, कसलीही घाई नसल्यासारखी, जलपर्णी पुन्हा पाण्यात ढकलायला सुरुवात केली.

रेडिओने दोन्ही हातांनी स्वतःचं तोंड दाबलं.

लंबू पुटपुटला, “पाच रविवार. तीच जलपर्णी. तीच.”

फौजदार उठून सरळ त्यांच्यासमोर गेली. “हे काय करताय?”

रखवालदार दचकला, पण मुलगी आहे म्हटल्यावर सैलावला. “काम करतोय. तू कशाला आलीस इकडे?”

“माणसं बाहेर काढतात आणि तुम्ही आत टाकता. हे काम आहे?”

“हे बघ बाळ, मला सांगितलंय तेवढं मी करतो. न्यायला नगरपालिकेची गाडी येणार होती, ती आलीच नाही. ढीग कुजला की वास सुटतो, वास सुटला की लोक अध्यक्षसाहेबांकडे तक्रार करतात. साहेब म्हणाले, गाडी येईपर्यंत ठेव पाण्यातच.”

“गाडी का येत नाही?”

“ते साहेबांना विचार.”

“पण तुम्हाला काहीच वाटलं नाही?”

रखवालदाराने दाताळ्यावर हनुवटी टेकली. त्याला खरंच काही वाटलं होतं का, हे तो आठवून बघत असावा. “वाटून काय करू?” तो शेवटी म्हणाला.

अध्यक्षांच्या घरी बैठकीच्या खोलीत भिंतभर फोटो होते. प्रत्येकात तेच मध्यभागी. पाच रविवारचे पाच फोटो नव्या चौकटींत बसवून ओळीने लावले होते, आणि पाचही फोटोंत मागे एकच ढीग होता, हे एवढ्या दिवसांत त्यांच्याही लक्षात आलं नव्हतं.

“अरे वा, बालसैनिक,” ते म्हणाले. “बसा.”

कोणी बसलं नाही. “काका, जलपर्णी न्यायला गाडी का येत नाही?” फौजदारने विचारलं.

“त्याचं असं आहे, बेटा, की तो जरा तांत्रिक विषय आहे.”

“आम्ही ऐकतो.”

त्यांनी खणातून एक कागद काढला. “गाडी मिळावी म्हणून नगरपालिकेचं पत्र आलंय. खाली सही करून परत पाठवायचं. आता हे वाच. ‘प्रति, सदस्य, तलाव समिती.’ सदस्य! मी कोण आहे?”

“अध्यक्ष,” रेडिओ म्हणाली.

“बरोबर. चूक पत्रावर मी सही करणार नाही. दुरुस्त करून पाठवा असं मी तोंडी कळवलंय. चार आठवडे झाले. पण आपण नमायचं नाही. प्रश्न तत्त्वाचा आहे.”

लंबूने भिंतीकडे पाहिलं. “आमच्या आजोबांच्या पायाला पाच टाके पडलेत,” तो म्हणाला.

“हो, कळलं मला. वाईट झालं. भाषणात उल्लेख करीन मी.”

बाहेर आल्यावर लंबू म्हणाला, “एका शब्दासाठी. मला वाटलं होतं, कोणीतरी चोर असेल, काही कारस्थान असेल. हा तर नुसताच...” त्याला शब्द सापडला नाही.

“पोकळ आहे,” फौजदार म्हणाली. “चोराला निदान डोकं लागतं.” मग ती चालता चालता थांबली. “सदस्य. रेडिओ, समितीचा सदस्य कोण असतं?”

“सगळेच की. नाव लिहून दिलं की झालं. माझी आईसुद्धा आहे. तुझे आजोबा पहिले. तो समोरचा चष्मेवाला, ती काकू, तिची सून, सुनेचा...”

“पुरे. चला नगरपालिकेत.”

नगरपालिकेच्या कार्यालयात खिडकीमागे एक कारकून पंख्याखाली बसून नखं कापत होता. पत्राची दुसरी प्रत हवी म्हटल्यावर त्याने मान वर केली नाही.

“मोठ्या माणसाला पाठवा.”

“मोठ्या माणसांकडे पहिली प्रत आहे,” फौजदार म्हणाली. “म्हणूनच आम्ही आलोय. एवढंच सांगा, यावर अध्यक्षांचीच सही लागते का?”

“समितीतल्या कुणाचीही चालते. म्हणून तर सदस्य लिहिलंय. आता जा.”

फौजदारने रेडिओकडे बघून मान हलवली. “बोल.”

रेडिओला आयुष्यात पहिल्यांदाच कोणीतरी परवानगी देत होतं. तिने तळ्याचा इतिहास सांगितला. आजोबांच्या जखमेची लांबी, रुंदी आणि टाक्यांचा रंग सांगितला. रांगेतल्या बाईंना तिने त्यांचं काम विचारलं आणि त्यांचंही काम किती दिवस अडलंय ते सगळ्या रांगेला सांगितलं. पंचवीस मिनिटांनी कारकुनाने प्रत काढली, शिक्का मारला आणि खिडकीतून जवळजवळ फेकली.

“घेऊन जा तिला,” तो म्हणाला.

सहाव्या रविवारी अठरा माणसं आली. आजोबा काठी टेकत येऊन पायरीवर बसले. पायाला प्लास्टिकची पिशवी बांधलेली.

“आज एक करा,” फौजदारने पाण्यातल्या सगळ्यांना सांगितलं. “पिवळी चिंधी बांधलेली जलपर्णी सापडली, तर वर धरा.”

“हे काय नवीन?” अध्यक्ष कर्ण्यातून म्हणाले.

“खेळ आहे, काका. बालसैनिकांचा.”

पाच मिनिटांत काकूंना पहिली चिंधी सापडली. मग त्यांच्या सुनेला दोन. मग चष्मेवाल्यांना. तासाभरात काठावर सदतीस पिवळ्या चिंध्या ओळीने मांडलेल्या होत्या. लोक एकेक करून पाण्याबाहेर आले.

“या चिंध्या आम्ही मागच्या रविवारी बांधल्या होत्या,” फौजदार म्हणाली. “पाण्यात नाही, बाहेर काढलेल्या ढिगात. सोमवारी सकाळी तो ढीग परत आत ढकलला. दर सोमवारी ढकलतात. ही वाढत नाही, आजोबा. आपण पाच आठवडे एकच जलपर्णी काढतोय.”

काकूंनी आपल्या सुरकुतलेल्या, कापलेल्या बोटांकडे पाहिलं आणि मग अध्यक्षांच्या कोरड्या बुटांकडे. रखवालदार शेडच्या बाजूला सरकू लागला.

“यात गैरसमज आहे,” अध्यक्ष म्हणाले. कर्णा तोंडाला लावायचं ते या गडबडीत विसरले होते, आणि त्याशिवाय त्यांचा आवाज बराच बारीक होता. “गाडीचं पत्र चुकीच्या नावाने आलं. मी पाठपुरावा करतोय.”

फौजदारने दप्तरातून प्रत काढली. “हे पत्र ना? यात ‘सदस्य’ असं लिहिलंय. तुम्ही सदस्य आहात का, काका?”

“मुळीच नाही. मी अध्यक्ष आहे.”

“नक्की?”

“अर्थात नक्की.”

“मग हे तुमचं नाहीच,” ती म्हणाली. “ज्यांचं आहे त्यांना देते.” आणि ती पायऱ्या उतरून आजोबांकडे गेली.

आजोबांनी कागद दोनदा वाचला. मग मांडीवर ठेवून सही केली आणि काकूंकडे दिला. काकूंनीही केली. काही गरज नसताना अठराच्या अठरा जणांनी सह्या केल्या. रेडिओच्या आईने तर दोनदा केली.

मंगळवारी गाडी आली. बुधवारी पुन्हा. तीन आठवडे ती येत राहिली आणि बातमी गल्ल्यांतून फिरल्यावर रविवारी माणसंही परत येऊ लागली, आधी चाळीस, मग सत्तर. आता ढीग काठावर राहतच नव्हता. निम्मं तळं मोकळं झालं. लोकांनी पहिल्यांदाच पाण्यावर वाऱ्याने उठलेल्या रेघा पाहिल्या आणि काही जण हातातलं काम टाकून त्या बघत राहिले.

“पोरांनो, तुमच्यामुळे झालं हे,” काकू म्हणाल्या. चष्मेवाल्यांनी लंबूची पाठ थोपटली, तीही उडी मारून. अध्यक्षांनी कर्णा उचलला आणि सांगायला सुरुवात केली, की आपल्या मार्गदर्शनाखाली या चिमुकल्यांनी कशी कामगिरी बजावली. सत्तर जण पाण्यात होते. सत्तर पाठी त्यांच्याकडे होत्या. कोणी त्यांना पदावरून काढलं नव्हतं. तेवढे कष्ट घ्यावेत असं कुणाला वाटलंच नव्हतं.

फौजदार हात धुवून पायरीपाशी आली. “आजोबा, तुम्हाला राग नाही येत त्यांचा? पाच रविवार फुकट गेले तुमचे.”

“त्यांचा येतो, पण थोडा,” आजोबा म्हणाले. “जास्त माझाच येतो. पाच रविवार मी पाण्यात उभा होतो, पण बाहेर काढलेलं जातं कुठे, हे एकदाही विचारलं नाही. साठ शहाणी माणसं होतो आम्ही. कुणीच विचारलं नाही. तू विचारलंस.”

मग त्यांनी दुखरा पाय जरा बाजूला घेतला आणि शेजारची जागा हाताने झाडली.

“बस इथे,” ते म्हणाले.

ती बसली. मागे कर्णा अजून चालूच होता. समोर पाणी होतं.