लाल चिठ्ठीचं पिलू

आमच्या संग्रहालयात सकाळचं पहिलं काम वासाचं असतं. कुलूप उघडलं की डांबरगोळ्यांचा वास अंगावर येतो. खिडक्या उघडून तो जरा बाहेर घालवायचा, मगच माणसांनी आत शिरायचं. लोक खालच्या दालनात पेंढा भरलेला वाघ बघतात आणि पोरांना घेऊन घरी जातात. वरच्या मजल्यावर पत्र्याच्या कपाटांत, उथळ खणांमध्ये हजारो पक्षी उताणे निजवलेले आहेत, हे त्यांच्या गावीही नसतं.

त्यातला आफ्रिकेच्या रानातल्या रॉबिनांचा खण माझ्याकडे आहे. दयाळाचे हे दूरचे चुलतभाऊ. मुठीत मावतील एवढे, छाती नारिंगी, डोळ्यापुढे पांढरा ठिपका. त्यांच्यात एक पिलू आहे आणि त्याच्या पायाला लाल चिठ्ठी बांधलेली आहे. लाल चिठ्ठी म्हणजे मूळ नमुना. ज्या पक्ष्याकडे बघून जातीला पहिल्यांदा नाव दिलं, तो पक्षी. पुढे कुणालाही शंका आली, की त्या वाळक्या देहाशी ताडून बघायचं.

भानगड अशी की लहानपणी ही सगळी पिलं एकसारखी ठिपकेदार असतात. जातीचा रंग मोठेपणी चढतो, आणि या जातीचा मोठा पक्षी कधी कुणाला मिळालाच नाही. त्यामुळे तज्ज्ञांत दोन तट. एक म्हणतो, वेगळी जात. दुसरा म्हणतो, शेजारच्याच जातीचं पोर ते, उगाच नवं नाव देऊन बसलात. शेवटचं मत द्यायचं काम माझ्या गळ्यात पडलं. माझं मत ठरल्यासारखंच होतं. नाव रद्द, लाल चिठ्ठी कापायची आणि पिलू इतरांत मिसळून टाकायचं. मेलेला पक्षी वाढत नाही, त्यामुळे मोठेपणी तो कसा दिसला असता याला अर्थ नाही. आमच्या धंद्याचा सगळा डोलाराच या गोष्टीवर उभा आहे.

फोटो काढण्याचं काम आमच्या फोटोवाल्याकडे. हिवाळ्यात त्याने पिलाचे फोटो काढले होते, उन्हाळ्यात नवी लेन्स आली म्हणून पुन्हा काढले. एका दुपारी त्याने मला बोलावलं आणि पडद्यावर दोन्ही फोटो शेजारी लावले.

"मॅडम, पक्षी बदललात?"

"मूळ नमुना आहे तो. बदलून घ्यायला दुकानातली चप्पल आहे का?"

पहिल्या फोटोत गळा ठिपक्यांनी भरलेला होता. दुसऱ्यात ठिपके विरळ झाले होते, आणि मधूनच काहीतरी नारिंगी दिसत होतं.

"उजेडाचा फरक," मी म्हणाले.

"उजेड मीच लावलाय ना," तो म्हणाला.

आम्ही वर गेलो. मी खण ओढला. पिलाखालच्या पांढऱ्या कागदावर बारीक ठिपकेदार पिसं गळून पडली होती. किडीचा संशय आला, म्हणून मी खण कोपऱ्यापर्यंत तपासला. कीड नव्हती. मग गळ्यावर भिंग धरलं. जिथलं पीस गळलं होतं तिथे कोंब होता. जिवंत पक्ष्याला नवं पीस फुटताना येतो तसा, मेणचट आवरणात गुंडाळलेला, टोकाला नारिंगी. मी चिमट्याने अलगद दाबून पाहिला. मऊ लागला.

"ह्या पिलाच्या पोटात काय असतं?" फोटोवाल्याने विचारलं.

"कापूस."

"नुसता?"

"नुसता."

त्याने कॅमेऱ्यावर झाकण लावलं. मग म्हणाला, "मोठं होतंय हो हे. मला ह्यातून वगळा." आणि जिना उतरून गेला.

मी वरच्यांना कळवायला हवं होतं. नाही कळवलं. मनात दुसरंच काही आलं होतं.

मला एक ताई होती. ती अकरा वर्षांची असताना तापाने गेली, मी आठ वर्षांची होते. तीन वर्षांत मी तिला गाठलं, मग मागे टाकलं, आणि आता माझी पन्नाशी उलटली तरी फोटोतल्या त्या पोरीला मी ताईच म्हणते. वडील गेले तेव्हा सह्या मी केल्या. घर बदललं मी. आईला विसर पडायला लागल्यापासून डॉक्टर, औषधं, रुसवेफुगवे सगळं माझ्याच अंगावर. तक्रार नाही. पण दमून घरी आल्यावर कुणीतरी थोरलेपणाने "तू बस, मी बघते" म्हणावं, एवढं एकच मला आयुष्यभर हवं होतं. फार हवं होतं.

आणि पिलू जर मोठं होत असेल, तर?

मग मी रोज दुपारी खण ओढू लागले. आधी गळा भरला, मग छाती. शेवटचा ठिपका पोटाजवळ होता, तोही गळला. चढलेला रंग शेजारच्या जातीचा नव्हता. जरा गडद, विटकरीकडे झुकणारा. त्या खणात तसा दुसरा पक्षी नव्हता.

म्हणजे जात वेगळीच होती. मी मत लिहिलं, नाव कायम ठेवावं. कारणाची जागा कोरी सोडली.

त्या दिवशी लवकर निघाले. घरी पोचले तेव्हा ऊन अजून खिडकीत होतं. आईजवळ बसणारी बाई तिला जेवू घालून गेली होती. आई खुर्चीत बसली होती, पाठमोरी.

तिच्या पाठीवर चार पेडांची घट्ट वेणी होती.

बाईला आई केसांना हात लावू देत नाही. मी सकाळी कसंबसं रबर लावते. चार पेडांची वेणी मला कधीच जमली नाही. आमच्याकडे ती फक्त ताईला यायची.

"आई, वेणी कुणी घातली?"

"कोण घालणार? ताईने."

"कुठली ताई?"

"अशा किती ताया आहेत गं तुला?"

मी तिच्या पुढ्यात आले. ती खुशीत होती. कितीतरी दिवसांनी तिने मला नीट ओळखलं होतं.

"कशी दिसते गं ती?"

"थकलीय. केस पिकलेत निम्मे. चष्मा लागलाय." आईने माझा चेहरा न्याहाळला. "तूही थकलीस. मघाशी हेच म्हणत होती."

"गेली?"

आई माझ्या खांद्यावरून पलीकडे बघत राहिली.

मला वळून बघता आलं असतं. नाही बघितलं. वळले आणि तिथे कुणीच नसलं, तर ते सोसण्याची ताकद माझ्यात नव्हती.

मी आईच्या पायाशी बसले, खोलीकडे पाठ करून. माझ्या अंबाड्याच्या पिना काढल्या. केस पाठीवर सोडले.

खाली रस्त्यावर कुणीतरी स्कूटर चालू करत होतं. ती चालू झाली, लांब गेली.

मी डोळे मिटले.

डोक्यावरून आईचा आवाज आला, माझ्यासाठी नसलेला.

"हळू गं. तिचं डोकं हळवं आहे."