मुख्याध्यापकांची सही

शिक्षिका जॅनेल वीस हिचं पत्र निवृत्त मुख्याध्यापक ओरिन मॅबरीच्या खणात सहा आठवडे पडून होतं. कॅन्ससमधला तिचा शिक्षकी परवाना ओरेगॉनमध्ये मान्य व्हायला हवा, तर जुन्या मुख्याध्यापकाने अनुभवाचा फॉर्म भरून द्यायचा होता. दोन मिनिटांचं काम. पण ओरिन शेवटच्या प्रश्नाशी अडला : 'या शिक्षिकेला पुन्हा नोकरीवर घ्याल का?' पालकांच्या कागाळ्यांपुढे तो गप्प बसला, म्हणूनच तर ती शाळा सोडून गेली होती. आता 'हो' लिहायचं ते कोणत्या तोंडाने?

आणि आज त्याच्या शेजारणीने, खासगी गुप्तहेर आयडा क्रोनिनने, तसाच एक फॉर्म भरलेला, त्याच्या नावाच्या सहीसकट त्याच्यापुढे ठेवला.

"ओरेगॉनने जॅनेलकडे परत पाठवलाय, तिने मला छडा लावायला सांगितलंय. तिच्या नेमणूकपत्रावरच्या तुझ्या सहीशी ही जुळत नाही. तिनेच खोटी केली म्हणतात. शुक्रवारपर्यंत उलगडा झाला नाही, तर तिचा परवाना गेला."

"मी नाही केली," ओरिन म्हणाला. खणाबद्दल तो बोलला नाही.

आयडाने जॅनेलला फोन लावला. "इथे अकरा वर्षं चार महिने लिहिलंय."

"अकराच. आधी काही महिने बदली शिक्षिका म्हणून जात होते, पण ते कोण मोजतं?"

मग दोघं शाळेत गेली. कार्यालयातल्या लॉटी हॅवरकँपने अभ्यागतांची वही पुढे सरकवली. "नियम म्हणजे नियम, मिस्टर मॅबरी. तुम्हालाही."

ओरिनने मुंग्यांसारख्या बारीक अक्षरात सही केली. व्हरांड्यात त्याच्या काळातली, त्याच्या सहीची प्रशस्तिपत्रकं टांगलेली होती. तो मान खाली घालून पुढे गेला. आयडा मात्र तिथे रेंगाळली.

नवे मुख्याध्यापक ड्वेन ओशाळून म्हणाले, "तुमचं उत्तर येईना, म्हणून जॅनेलबाईंनी दुसरी प्रत इथे पाठवली. मी आलोय दोन वर्षांपूर्वी, मी काय लिहिणार? लॉटीच्या टेबलावर ठेवली."

"माझ्या टेबलावर काय काय येतं, बाई," लॉटी म्हणाली. "पाठवली असेल कुठेतरी."

आयडाने भिंतीवरचं एक प्रशस्तिपत्रक काढून फॉर्म आणि वहीशेजारी मांडलं.

"जॅनेलने फॉर्म भरला असता तर अकराच वर्षं लिहिली असती. ते चार महिने फक्त इथल्या हजेरीपटात आहेत. म्हणजे हात इथलाच. आता सही बघा. वहीतली ओरिनची बारीक. फॉर्मवरची ऐसपैस, वळणदार, आणि पंधरा वर्षांपूर्वीच्या या पत्रकावर हुबेहूब तीच. तेव्हा ड्वेन इथे नव्हते. कार्यालयाच्या खुर्चीत तेव्हाही लॉटीच होती."

लॉटीने चष्मा काढला. "वीस वर्षं पत्रकांवर मीच सही करत आले, नेमणूकपत्रं तेवढी ते स्वतः करायचे. 'लॉटी, तूच कर,' म्हणायचे. पोरगी ताटकळली होती. फॉर्म भरला, सही झाली सवयीने."

"म्हणून तू भिंतीकडे बघत नव्हतास," आयडा ओरिनला म्हणाली.

"पत्र माझ्याच खणात पडून होतं," तो म्हणाला. "सहा आठवडे झाले."

मग आयडाने कोरा फॉर्म पुढे केला. "हा तू स्वतःच्या हाताने भरलास, तर तुझ्या सगळ्या पत्रकांवर कोणी सह्या केल्या ते गावाला कळेल."

"कळू दे. लॉटीला परवानगी माझी होती, हेही लिहितो."

त्याने शेवटच्या प्रश्नापुढे 'होय' लिहिलं. खाली लॉटीच्या सहीचा खुलासा केला आणि दोन ओळी जोडल्या : ही शिक्षिका गेली ती माझ्या भित्रेपणामुळे. तिची चूक नव्हती.

लॉटीचा हात सवयीने पाकिटाकडे गेला. "द्या, मी टाकते."

"नको."

तो एकटाच कोपऱ्यावरच्या पोस्टात गेला, शुक्रवारच्या आत पोचेल असं तिकीट लावून घेतलं, आणि पाकीट पेटीत टाकलं.