भिस्तीनं पाणी देणं सोडलं

आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, असं मोठी माणसं म्हणतात. या गोष्टीत मात्र आड काठोकाठ भरलेला होता आणि पोहराच कोरडा होता. हे कोडं सोडवायला एक दहा वर्षांची मुलगी, एक यंत्रमानव आणि अर्धा किलो बटाटे लागले.

गोष्ट हिंगणघाटजवळच्या एका गावातली आहे आणि आजपासून तीसेक वर्षांनंतरची. म्हणजे ती अजून घडायची आहे. पण तेवढं थांबायला कुणाला वेळ आहे? आताच सांगून टाकू.

जुई झाडेचा धाकटा भाऊ अथांग चार वर्षांचा होता. नाव एवढं मोठं, पण जीव मूठभर, म्हणून सगळे त्याला अथू म्हणत. सकाळी आठ वाजता तो उड्या मारत बालवाडीत जायचा. दुपारी एकला आई आणायला गेली, की सुकलेल्या मेथीच्या जुडीसारखा तिच्या खांद्यावर मान टाकायचा. डोकं दुखायचं, ओठ कोरडे पडायचे, शू गडद पिवळी व्हायची. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात तर तो बालवाडीच्या दारातच चक्कर येऊन खाली बसला. आईनं त्याला उचलून थेट दवाखाना गाठला.

डॉक्टरांनी नीट तपासलं आणि सांगितलं, "आजार काही नाही. याच्या अंगात पाणी कमी पडतंय. पण पुन्हा असं झालं तर सलाईन लावावं लागेल."

घरी आल्यावर आई म्हणाली, "आणखी एक डाव असं झालं, तर मी याले घरीच बसवीन. मले नाही पायजे असली बालवाडी."

अथूनं भोकाड पसरलं. त्याचे सगळे दोस्त तिथं होते, वाळूचा हौद तिथं होता. जुईला त्याचं रडणं बघवेना.

"आई, माह्या शाळेले सुट्ट्याच आहेत," ती म्हणाली. "मी जातो त्याच्यासंगं. मले आठ दिवस दे. असं काहून होते ते मी पाहतो."

आईनं आठ दिवस दिले, पण नववा नाही म्हणून बजावलं.

बालवाडीच्या कुंदाबाई म्हणजे साखरेचा खडा. जुईचं बोलणं ऐकून त्यांचा चेहरा पडला. "अवं पोरी, पाण्याची काही कमी नाही आमच्या इथं. जो मांगल त्याले भिस्ती लगेच देते. इचार त्याले."

भिस्ती हा बालवाडीतला यंत्रमानव. (जुन्या काळी कातड्याच्या पखालीतून घरोघरी पाणी पोचवणाऱ्या माणसाला भिस्ती म्हणत.) उंचीला जुईएवढा, पोट मातीचं आणि गोल. तो पुस्तकातल्यासारखं बोलायचा, म्हणून पोरं त्याच्या नकला करायची.

"माझ्या पोटात वीस लिटर शुद्ध पाणी आहे," भिस्ती म्हणाला. "आजवर मी एकाही बालकास नकार दिलेला नाही."

"रोज किती संपते?"

"साडेतीन लिटर."

"आन पोरं किती?"

"बावीस."

जुईनं बोटांवर भागाकार केला. पाच तासांत एका पोराच्या वाट्याला एक लहान पेला! "पण भिस्ती, मीपण शाळेत दोनदाच पाणी पितो. मले तर काही होत नाही."

"तू मोठी आहेस. घरून बटाटे आण, म्हणजे दाखवतो."

दुसऱ्या दिवशी भिस्तीनं सारख्या वजनाचे दोन बटाटे निवडून दोन्ही सोलायला लावले. एक अख्खा ठेवला, दुसऱ्याच्या सोळा फोडी केल्या, आणि दोन्ही ताटल्या उन्हात मांडल्या. दोन तासांनी त्यानं त्या तळहातावर घेतल्या, कारण त्याच्या तळहातातच तराजू होता. अख्खा बटाटा थोडासाच हलका झाला होता. फोडी मात्र चांगल्याच हलक्या झाल्या होत्या, कडेनं सुरकुतल्याही होत्या.

"वजन तेवढंच, ऊनही तेच," जुई म्हणाली. "मग असं काहून?"

"पाणी उडून जातं ते पृष्ठभागावरून (वस्तूच्या बाहेरच्या, हवा लागणाऱ्या बाजूवरून). बटाटा कापला तेव्हा आतला भाग बाहेर आला. म्हणजे पाणी तेवढंच राहिलं आणि ते उडून जायच्या वाटा वाढल्या. वस्तू जितकी लहान, तितका तिच्या आकाराच्या मानानं पृष्ठभाग जास्त. अथू ही लहान फोड आहे आणि तुझी आई अख्खा बटाटा."

"आईले सांगू नको हे," जुई घाईनं म्हणाली.

"तुमच्या कातडीतून आणि श्वासातून सतत पाणी जात असतं. लहान मुलाच्या अंगात मुळात साठा थोडा, आणि त्या मानानं गळती जास्त. म्हणून त्याला थोडं थोडं, पण पुन्हा पुन्हा पाणी लागतं."

जुईला पटलं. उन्हाळ्यात आई सांडगे घालायची तेव्हा बारके आधी वाळायचे, हे तिनं कितीदा पाहिलं होतं. पण त्यानं कोडं अर्धंच सुटलं. अथूला पाणी जास्त लागत होतं, तर तो मागत का नव्हता?

"तहान कशी लागते ते सांगू?" भिस्ती म्हणाला. "वरण फार आटलं तर कसं लागतं?"

"खारट."

"तसंच रक्ताचं. अंगातलं पाणी कमी झालं की रक्त किंचित खारट होतं. मेंदूच्या तळाशी अधश्चेतक (भूक, तहान, अंगाची ऊब यांवर नजर ठेवणारा बदामाएवढा भाग) असतो. त्याला ते कळतं आणि तो घंटा वाजवतो. त्या घंटेलाच आपण तहान म्हणतो. पण ती वाजते तेव्हा पाणी आधीच थोडं कमी झालेलं असतं. आणि खेळात रमलेल्या लहान मुलाला ती ऐकूच येत नाही. ते किरकिरतं, पेंगतं, पण आपल्याला पाणी हवंय हे त्याला उमगत नाही."

हे ऐकल्यावर जुईनं अथूवरची नजर हलवली नाही. तो वाळूच्या हौदात बोगदा खणत होता. अकराच्या सुमारास त्याचे हात थांबले. त्यानं ओठांवरून जीभ फिरवली, लांब उभ्या असलेल्या भिस्तीकडं पाहिलं, आणि पुन्हा खणायला लागला. म्हणजे घंटा ऐकू आली होती!

जुई धावतच गेली. "अथू, तहान लागली ना? मांगत काहून नाहीस?"

"पाणी मांगलं का बोगदा जाते," अथू म्हणाला. त्याच्या दृष्टीनं यात सांगण्यासारखं काही नव्हतंच.

जुईला कळेना. तेवढ्यात चिकू नावाच्या मुलीनं पाणी मागितलं, आणि जुईनं सगळा सोहळाच पाहिला. भिस्तीनं चिकूला आत नेलं. हात धुवायला लावले, ते पुसायला लावले. पाटावर मांडी घालून बसवलं. श्लोक म्हणवला, चिकू मधेच चुकली म्हणून पुन्हा म्हणवला. मग पेला दिला, तो संपल्यावर विसळून पालथा घालायला लावला. चिकू बाहेर आली तोवर तिच्या झोक्यावर दुसरंच कुणीतरी बसलं होतं. ती खांबाला टेकून मुसमुसत राहिली.

"किती वेळ लागला?" जुईनं विचारलं.

"सहा मिनिटं चाळीस सेकंद," भिस्ती अभिमानानं म्हणाला. "एकही पायरी वगळली नाही. उभ्यानं पाणी पिऊ नये, हे मला बाईंनीच शिकवलं आहे."

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हाच. पाणी सगळ्यांसाठी होतं, पण त्याची किंमत होती एक झोका किंवा एक बोगदा. चार वर्षांच्या मुलासाठी हा सौदा फार महाग होता. पूर्वी कुंदाबाई स्वतः पाणी द्यायच्या तेव्हा घाईत श्लोक विसरायच्या, उभ्या पोराच्या तोंडाला पेला लावून मोकळ्या व्हायच्या. यंत्रमानव काही विसरत नाही, तिथंच घोडं पेंड खात होतं.

जुईनं हे सांगितलं तेव्हा कुंदाबाईंनी बाहेर खेळणाऱ्या पोरांकडं पाहिलं. "म्हंजे माह्या शिस्तीपायी सुकली का माही लेकरं?" त्यांचे डोळे भरून आले. "चांगलं वळण लागावं म्हणूनच केलं बाप्पा. आन पोरं पाणी सांडतेत. मागं एक पोरगी घसरून पडली, हनुवटीले टाके पडले तिच्या. तवापासून मी पाणी आतच ठेवते."

"फरशीवर सांडलं तर घसरतीन," जुई म्हणाली. "पण बाई, वाळूत सांडलं तर?"

कुंदाबाईंनी पेलाभर पाणी आणून वाळूत ओतलं, आणि ते लगेच जिरून गेलं.

दोन दिवसांत कुंभाराकडून तीन छोटे माठ आले, तोटी लावलेले. एक हौदाच्या काठावर, एक झोक्यामागं, एक कडुनिंबाखाली. सगळे अथूच्या छातीएवढ्या उंचीवर आणि सगळ्यांच्या खाली वाळू. शेजारी धरायला कान असलेले छोटे पेले ठेवले. श्लोक आणि पाट जेवणाच्या वेळेपुरते राहिले.

"मग मी पाणी द्यायचं नाही?" भिस्तीनं विचारलं. त्याचा आवाज जरा बारीक झाला होता.

"द्यायचं नाही, ठेवायचं," जुई म्हणाली. "माठ कोरडा पडू द्यायचा नाही, आन पेले धुवायचे."

पहिल्या दिवशी पोरांनी पाण्याचा नुसता धुडगूस घातला. वाळूत चिखल झाला, अथूनं दोन पेले डोक्यावर ओतून घेतले. कुंदाबाईंनी पदराचं टोक दातात धरलं, पण कुणाला आत बोलावलं नाही. तिसऱ्या दिवशी नवलाई ओसरली. पोरं खेळता खेळता यायची, तोटी फिरवायची, चार घोट घ्यायची आणि पळायची. कुणाचा झोका गेला नाही.

आईनं दिलेल्या मुदतीच्या आठव्या दिवशी भिस्ती म्हणाला, "आज सोळा लिटर. त्यातलं पाचेक लिटर वाळूनं प्यायलं असावं. दुपारी कुणीही पेंगलं नाही. तालुक्यातल्या सगळ्या भिस्तींना मी हे कळवलं आहे. सोबत बटाट्याचे फोटोही पाठवले आहेत."

एक वाजता आई आली. रस्ताभर ऊन तापलेलं. खांदा सवयीनं आधीच थोडा पुढं झुकला होता. दारात तिला अथू दिसेना, म्हणून तिनं हाक मारली.

"अथू!"

हौदातून वाळूनं माखलेलं डोकं वर आलं. गाल लाल, डोळे लख्ख. "आई, तू काहून आली एवढ्यात? माहा बोगदा राह्यला ना अजून!"

आई पायरीवर बसली आणि तिला हसू आणि रडू एकदमच आलं. आठ दिवसांचं ओझं उतरलं होतं. जुईचा हात तिनं घट्ट धरून ठेवला. अथू थोडा वेळ तिच्याकडं बघत राहिला. तिचा घाम, तिचे सुकलेले ओठ त्यानं नीट पाहिले. मग तो पळत माठाकडं गेला आणि पेला काठोकाठ भरून निघाला. येईपर्यंत निम्मं पाणी त्याच्या चड्डीवर सांडलं होतं.

"पी," तो म्हणाला. "इथं मांगा नाही लागत."