अण्णाची सही

हे मी रचून सांगत नाही. कुणाला पटो न पटो. मद्रासला, मैलापुरातल्या आमच्या माडीवरच्या घरात, १९६१ साली एका शुक्रवारी दिवेलागणीला हे घडलं. मी तिथेच होते.

त्याच्या वर्षभर आधी माझी वहिनी, कृष्णवेणी, वारली होती. ओळखीच्यांकडे वास्तुशांतीला गेली आणि नवा जिना कोसळला.

दहाव्याला पिंडाला कावळा शिवेना. ऊन चढलं. शेवटी एकोजीअण्णा, माझा भाऊ, हात जोडून म्हणाला, "वेणी, दुसऱ्या कुणाच्या घरी असं होऊ देणार नाही."

कावळा आला...

पुढे सरकारने इमारतींच्या सुरक्षेसाठी समिती नेमायचं ठरवलं. त्यात इंजिनिअर होते, अग्निशामक दलाचे अधिकारी होते आणि एक जागा साध्या रहिवाशासाठी होती. अण्णाने त्या जागेसाठी धडपड केली. पण अट आडवी आली. ठेकेदाराशी कोर्टकज्जा चालू असलेला माणूस सभासद होऊ शकत नव्हता.

अण्णाचा तर तो जिना बांधणाऱ्या ठेकेदाराशीच चालू होता. ठेकेदार कोर्टात म्हणत होता, जिना बंद होता, बाई न विचारता वर चढल्या.

माझी वहिनी माझी सुई घेतानाही विचारायची. मी चिडवायचे, "श्वास घेऊ का, तेही विचार एकदा."

वकील अनंतकृष्ण म्हणाले, "एकोजीराव, भांडा, नाहीतर समितीत बसा. दोन्ही जमणार नाही." खटला मागे घेतला तर ठेकेदाराचं म्हणणंच कायम राहील, हेही त्यांनी बजावलं.

त्या शुक्रवारी अण्णा खटला मागे घेतल्याची सही करून आला.

"वचन दिलंय मी तिला," एवढंच म्हणाला.

मी देवापाशी दिवा लावत होते.

जिन्यावर पावलं वाजली...

जोडव्यांचा आवाज. एकेक पायरी. अर्ध्यावर थांबला.

अण्णाने दार उघडलं.

जिना रिकामा.

मग अगदी जवळून, तिच्या त्या हळू आवाजात, नेहमीसारखं मला हाक मारून अण्णाला ऐकवत...

"वन्सं, खाली उभ्या मेस्त्रीला विचारूनच चढले होते मी."

अण्णा उंबऱ्यातच बसला. "माहीत आहे, वेणी. मला माहीत आहे."

पावलं उतरून गेली.

दुसऱ्याच दिवशी तो वकिलांकडे धावला. खटला पुन्हा उभा राहणार नव्हता.

समितीत तो बरीच वर्षं बसला. कितीतरी कच्चे जिने त्याने पाडायला लावले. किती जीव वाचले, देव जाणे.

आणि दर शुक्रवारी पावलं यायची. अण्णा तेच उत्तर द्यायचा. मग ती उतरायची.

अण्णा जाऊनही आता खूप वर्षं झाली. घरात मी एकटी आहे.

पावलं अजून येतात...

मी दाराआडून म्हणते, "वहिनी, मला माहीत आहे गं."

ती उतरत नाही.