राहिलेलं टोपण

"टेबलावरून उचल ते," हेल्वी म्हणाली. वेलदोड्याच्या पावाशेजारी साइमीने आपले नवेकोरे पांढरे स्केट्स ठेवले होते... आणि चव्वेचाळीस वर्षांनी या घरात स्केट्स आले होते.

साइमी तिची धाकटी बहीण. टीव्हीवर सकाळी स्वयंपाक शिकवणारी, साऱ्या कॅनडाची लाडकी. बावन्नाव्या वर्षी तिने टीव्हीवरच्या नामवंतांच्या स्केटिंग स्पर्धेत नाव दिलं होतं, आणि टोरंटोचे प्रशिक्षक सोडून ती थंडर बेला थोरलीकडे शिकायला आली होती. थोरली गावच्या रिंकवर बर्फ गुळगुळीत करायचं यंत्र चालवायची. जिने त्या बर्फावर नाचायचं, ती जन्मभर तो पुसत राहिली होती...

सतराव्या वर्षी स्केटिंगच्या प्रांतिक निवडीला हेल्वी उतरली, तेव्हा स्केट्सच्या पात्यांवरची रबरी टोपणं काढायचं काम आठ वर्षांच्या साइमीचं होतं. त्यांची रीतच होती ती. हेल्वी रिंकच्या दारात एकेक पाय मागे उचलायची, धाकटी टोपण ओढून घ्यायची. त्या दिवशी धाकटी टीव्हीच्या कॅमेऱ्याकडे बघत राहिली आणि एक टोपण तसंच राहिलं. टोपण घातलेलं पातं बर्फाला धरत नाही. हेल्वी कोसळली, गुडघा कायमचा गेला. पोरीला वडिलांचा मार बसेल म्हणून तिने सांगितलं, मीच विसरले. आई मरेपर्यंत हेल्वीला वेंधळी म्हणत राहिली, आणि साइमी समोर बसून ऐकत राहिली. तिला काही आठवतं का, हे हेल्वीने कधी विचारलं नाही. साइमी नाही म्हणाली असती तर ते अंतःकरणाला सोसवलं नसतं.

तीन आठवडे हेल्वीने कठड्याबाहेरूनच शिकवलं. साइमी दणादण आपटायची आणि ही ओरडायची, "कणीक तिंबतेस का तिथे? गुडघे वाकव." दोघी हसायच्या, आणि हसताना हेल्वीला वाटायचं, इतकी वर्षं आपण हे का घालवलं...

शेवटच्या दिवशी साइमीने माळ्यावरून हेल्वीचे जुने स्केट्स टोपणांसकट शोधून आणले, आणि एकदा तरी माझा हात धरून आत ये म्हणून हट्ट धरला. हेल्वी नको नको म्हणत ते घालून दारापाशी आली आणि सवयीने तिचा पाय मागे उचलला गेला. साइमी गुडघ्यांवर बसली. एक टोपण निघालं. दुसरा पाय मात्र तिने दोन्ही हातांनी धरून ठेवला.

"मला माहीत होतं, हेल्वी," ती म्हणाली. "टोपण राहिलंय हे तू पाऊल टाकायच्या आधीच माझ्या लक्षात आलं होतं. पण कॅमेरा माझ्याकडे वळला होता... मी हाक मारली नाही."

विसरणाऱ्या लेकराला हेल्वीने केव्हाच क्षमा केली होती. हे लेकरू निराळं होतं.

"आईला सांगायचं होतंस गं," एवढंच तिच्या तोंडून निघालं.

"रोज ठरवायचे. ती गेली त्या दिवशीही ठरवलं होतं."

आता वेंधळी म्हणणारी नव्हती, आणि तो शब्द मागे घेणारीही नव्हती. हेल्वीचे डोळे वाहत होते. पाय मात्र तिने सोडवून घेतला नाही.

"काढ ते," ती म्हणाली. "आणि या वेळी बघून काढ."

साइमीने टोपण काढलं, बोटांनी पातं चाचपलं. मग पहिल्या पायाचंही चाचपून पाहिलं.